दोन आठवड्यांहून लांबलेली उदासी

नववी-दहावीतला मुलगा अचानक चिडका झाला, ताटावरून उठून जाऊ लागला, की घरात त्याची तीन कारणे ठरलेली असतात: वय, मोबाइल आणि संगत. मुलगी गप्प गप्प राहू लागली तर अभ्यासाचे टेन्शन. पुष्कळदा यातले एखादे कारण खरेही असते. अडचण एवढीच, की किशोरवयातला नैराश्याचा आजारही बाहेरून असाच दिसतो.

चिखलीहून खामगावकडे जाताना उंद्री लागते. उदयनगर या नावानेही हे गाव ओळखले जाते. अशा मोठ्या गावात शिकणाऱ्या मुलाला रोज पाहणारी माणसे बरीच असतात: वर्गशिक्षक, शिकवणीचे सर, आशाताई, पासवर एकाच एसटीने येणारे मित्र. त्याच्यात काहीतरी बदलले आहे हे त्यांच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या लक्षात येतेच. पुढे कुणाला सांगायचे, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

आधी वयाचा भाग समजून घेऊ. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षांच्या काळाला किशोरवय मानते. या वयात संप्रेरके, म्हणजे हार्मोन्स, वाढतात आणि शरीर बदलते, एवढे शाळेत शिकवले जाते. मेंदूविषयी फारसे कुणी बोलत नाही. भीती, राग, आनंद, कौतुकाची ओढ यांच्याशी जोडलेले मेंदूच्या आतले भाग या वयाच्या सुरुवातीलाच जोर धरतात. कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे थांबून विचार करणारा आणि परिणाम तोलणारा भाग, पूर्ण तयार व्हायला मात्र पंचविशी उजाडते. एका जुवाला भरात आलेला बैल आणि अजून वळण न लागलेला गोऱ्हा जुंपावा, तशी ही जोडी असते. क्षणात संताप, क्षणात रडू आणि तासाभरात सगळे विसरून हसणे हे त्यामुळे या वयाला धरूनच आहे.

झोपेचेही तसेच. झोप आणणारे मेलाटोनिन नावाचे संप्रेरक किशोरवयात रात्री उशिरा स्रवू लागते, त्यामुळे मुलांना लवकर झोपच येत नाही. गरज मात्र आठ ते दहा तासांच्या झोपेची असते. भल्या पहाटेची शिकवणी आणि त्यानंतरची शाळा यांत ती बसत नाही. मोबाइल या तुटीत भर घालतो हे खरे, पण तुटीची सुरुवात शरीरातच होते. अपुरी झोप मन खचवते आणि खचलेले मन झोप घालवते, असे हे चक्र चालू राहते.

मग वय कुठे संपते आणि आजार कुठे सुरू होतो? वैद्यकशास्त्राने त्यासाठी काही निकष ठरवले आहेत. त्यांतला पहिला मुदतीचा. उदासी किंवा चिडचिड दिवसातला बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, सलग दोन आठवडे टिकली तर ती तपासून घ्यावी. दुसरा निकष रस उरला आहे की नाही, हा. क्रिकेटसाठी जेवण सोडणारा मुलगा बॅटकडे पाहीनासा होतो, मैत्रिणीच्या घरून बोलावणे आले तरी मुलगी उठत नाही. सोबत झोप किंवा भूक बिघडते, सतत थकवा वाटतो, वाचलेले डोक्यात राहत नाही, आपण कशाच्याही लायकीचे नाही असे वाटत राहते, मरणाचे विचार येतात. यांतली बरीच लक्षणे एकत्र आली आणि त्यांनी शाळा, घर, मैत्री या रोजच्या गोष्टी विस्कटल्या, की तो स्वभावाचा प्रश्न राहत नाही.

‘किंवा चिडचिड’ हे दोन शब्द त्या निकषात मुद्दाम घातलेले आहेत. मोठ्या माणसाचे नैराश्य सहसा उदास चेहऱ्याने ओळखू येते. किशोरवयीन मुलात ते रागाच्या, उलट उत्तरांच्या रूपातही येते, आणि रागावलेल्या मुलाला आपल्याकडे समजूत मिळत नाही, शिक्षा मिळते. काही मुलांच्या बाबतीत शरीरच बोलते. डोके दुखते, पोटात कळ येते, आणि तपासणीत काही सापडत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात अशा मुलांना पित्ताची किंवा ताकदीची गोळी मिळते आणि विषय तिथेच मिटतो.

हे किती मुलांच्या बाबतीत घडते? बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातल्या १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. महाराष्ट्र त्या राज्यांत नव्हता, तरी अंदाज बांधायला ते आकडे उपयोगी आहेत. १३ ते १७ या वयोगटात मानसिक विकारांचे प्रमाण ७.३ टक्के आढळले, महानगरांत १३.५ आणि ग्रामीण भागात ६.९ टक्के. महानगरांच्या निम्मे म्हणून गावाने निश्चिंत होण्यात अर्थ नाही. ६.९ टक्के म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार जण. त्याच सर्वेक्षणानुसार नैराश्य, चिंता यांसारखे नेहमीचे मानसिक विकार असलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते.

नैराश्याचे कारण एकच नसते. आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि आई किंवा वडील नैराश्यात असतील तर मुलाचा धोका वाढतो. बुलढाणा जिल्ह्यात हा मुद्दा पुस्तकी नाही. २००६ मध्ये पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना विशेष पॅकेज जाहीर केले, त्यांत बुलढाणा होता. सोयाबीनचा भाव पडला किंवा ऐन काढणीत पाऊस आला, की घरातले बोलणे बदलते. कर्जाचा आकडा मुलांना कुणी सांगत नाही, पण तो त्यांना माहीत असतो.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा आहे. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यातले नैराश्याचे प्रमाण साधारण सारखे असते. त्यानंतर ते मुलींमध्ये जवळजवळ दुप्पट होते, आणि हे जगभर दिसते. संप्रेरकांचा त्यात भाग आहे, पण सगळा भाग त्यांचा नाही. आपल्या गावांत पाळी आल्यानंतर मुलीचे फिरणे आखडते, घरकाम वाढते आणि दहावी झाली की स्थळांची चर्चा सुरू होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी जवळपास २२ टक्क्यांचे लग्न अठरा वर्षे पुरी होण्याआधी झाल्याचे आढळले. मुलींना शाळेत नेणारी सरकारच्या मानव विकास कार्यक्रमाची बस त्या अर्थाने मानसिक आरोग्याचीही योजना आहे, जरी कुठल्याही कागदावर तसे लिहिलेले नसले.

सरकारी पातळीवर काहीच झाले नाही, असे म्हणता येणार नाही. २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याच्या विषयांत मानसिक आरोग्यही आहे, आणि किशोरवयीनांसाठी महाराष्ट्रात सरकारी रुग्णालयांमधून मैत्री क्लिनिक चालवली जातात. २०१५ मध्ये राज्याने विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत, बुलढाण्यासह, शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. या प्रकल्पाचे लक्ष घरातल्या कर्त्या माणसावर आहे, आणि ते योग्यच. पण त्याच घरातल्या पंधरा वर्षांच्या मुलाची विचारपूस त्या भेटीत होईलच असे नाही. मैत्री क्लिनिकमध्ये मुलाने स्वतःहून जायचे असते. नैराश्यात नेमके तेच होत नाही.

त्यामुळे लोक ओळखीच्या वाटेने जातात. याच जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते, नारळांची होळी पेटते, आणि मनाने बिघडलेल्या माणसांना बरे वाटावे म्हणून सर्व धर्मांची कुटुंबे त्यांना तिथे घेऊन येतात. गप्प झालेल्या किंवा अंगात येणाऱ्या मुलीला ‘बाहेरचे’ झाले असे समजून अशा ठिकाणी नेणे त्या घराला क्रूर वाटत नाही. त्यांच्या लेखी तो उपचारच असतो. त्यांची टिंगल करून काही साधत नाही. गुजरातमध्ये उनावा इथल्या मीरा दातार दर्ग्यात मुजावरांनाच प्रशिक्षण देऊन मानसोपचारतज्ज्ञांचा दवाखाना शेजारी आणला गेला. दुआ चालू राहिली, जोडीला दवा आली. मारहाण, साखळदंड, उपाशी ठेवणे या गोष्टींना मात्र २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतर महाराष्ट्रात सवलत नाही.

उपचारांनी गुण येतो, हे ठामपणे सांगता येते. सौम्य नैराश्यात बोलून केलेले उपचार पुरतात. त्यांतली सर्वाधिक तपासलेली पद्धत कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, म्हणजे मनात येणारे ठरावीक निराश विचार ओळखायला आणि छोट्या कृतींनी त्यांची साखळी तोडायला शिकवणे. अमेरिकेत १२ ते १७ वयाच्या मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ४३९ मुलामुलींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. बारा आठवड्यांनंतर फ्लुओक्सेटिन हे औषध आणि थेरपी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, नुसत्या औषधाने ६१, नुसत्या थेरपीने ४३ आणि औषध नसलेल्या बनावट गोळीने ३५ टक्के. त्याच वर्षी तिथल्या औषध नियामकांनी एक इशाराही दिला: अशा औषधांनी काही मुलांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत डॉक्टरांनी मुलाला वरचेवर पाहायला हवे. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणणे किंवा बरे वाटताच त्या थांबवणे, दोन्ही धोक्याचे.

मरणाच्या विचारांबद्दल मुलाला सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. विचारल्यावर बहुतेक मुलांना हलके वाटते. पोलीस केस होईल या भीतीने घरे गप्प बसतात. पण २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरले आहे, आणि तिला उपचार देण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे. ऑक्टोबर २०२२ पासून टेलिमानस ही चोवीस तासांची मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तिथे मराठीत बोलता येते.

हे सगळे असूनही पहिला दुवा तुटलेलाच राहतो. भारतात लाख लोकांमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये बुलढाण्याच्या नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. त्याने हळूहळू फरक पडेल. तोवर मूल जिथे रोज असते त्या शाळेतच कुणीतरी हवे. कोण, या प्रश्नाचे उत्तर बिहारमधून मिळते. नालंदा जिल्ह्यातल्या ७४ सरकारी माध्यमिक शाळांमध्ये गोव्याच्या ‘संगाथ’ या संस्थेने नववीच्या मुलांसाठी ‘सेहर’ हा प्रयोग केला. काही शाळांत प्रशिक्षण दिलेला स्थानिक, डॉक्टर नसलेला समुपदेशक नेमला, काहींत तेच काम शाळेतल्या शिक्षकाला शिकवून दिले, आणि उरलेल्या शाळांत नेहमीचेच चालू ठेवले. भित्तिपत्रक, मनातले लिहून टाकण्याची पेटी, गटचर्चा, गरज असलेल्यांशी एकट्याने बोलणे, असे कामाचे स्वरूप होते. समुपदेशकाच्या शाळांत नैराश्याची लक्षणे, दादागिरी आणि हिंसा कमी झाली. शिक्षकाच्या शाळांत फरक पडला नाही.

आता आमचे मत. हा निष्कर्ष शिक्षकांवर ठपका ठेवणारा नाही. निवडणुकीची कामे, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणे यांतून शिक्षकाला वर्गच जेमतेम मिळतो. शिवाय जो गुण देतो आणि पालकांना बोलावतो, त्याच्यापाशी मूल मन मोकळे करत नाही. म्हणून ‘प्रत्येक शिक्षक समुपदेशक’ अशा घोषणा आणि दोन दिवसांची प्रशिक्षणे यांवर पैसा घालवणे आम्हाला पटत नाही. शिक्षकाने बदल हेरावा आणि पुढे कळवावे. ऐकण्याचे काम वेगळ्या माणसाचे.

तसे करणे आता ऐच्छिकही राहिलेले नाही. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षणसंस्थांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक किंवा मानसशास्त्रज्ञ नेमावा आणि लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी ठेवावी, असे त्यांत आहे. उंद्रीच्या आकाराच्या गावातल्या माध्यमिक शाळेला शंभराचा आकडा अवघड नाही; पगार कोण देणार, हे अवघड आहे. जवळच्या चार-पाच शाळांना मिळून एक समुपदेशक, त्याचा ठरलेला वार, आणि त्याच्यावर देखरेख जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची, अशी मांडणी जिल्हा परिषदेच्या आवाक्यात आहे. अनुदानित खासगी शाळांनाही त्यात घ्यावे लागेल, कारण गावोगावची नववी-दहावी मुख्यतः त्यांच्याकडेच आहे.

दहावी-बारावीच्या परीक्षा तोंडावर आल्या, की राज्य मंडळ समुपदेशकांचे फोन क्रमांक जाहीर करते. त्याचा उपयोग आहेच, पण तोवर फेब्रुवारी उजाडलेला असतो. ‘सेहर’मध्ये परिणाम आठ महिन्यांनी मोजला तेव्हा दिसला आणि सतरा महिन्यांनी तो आणखी वाढलेला होता. विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडतात. नववीच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झाले, तर दहावीच्या दिवाळीच्या सुट्टीनंतर ते सतरा महिने भरतात.