झाकणावरचे चिन्ह आणि घरावरचे कर्ज



पीयूसीचा निकाल लागला, बेळगावच्या कॉलेजात प्रवेश मिळाला, की आपल्या घरांत एकच विषय सुरू होतो: लॅपटॉप कोणता घ्यायचा? लॅपटॉप लागतो, यात वाद नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याशी. "घ्यायचाच तर मोठ्या नावाचा घेऊ. चार पैसे जास्त जातील, पण पोराला वर्गात कमीपणा नको." हे वाक्य इतक्या मायेने बोलले जाते की त्याला विरोध करणारा कंजूष ठरतो. तरीही मी विरोध करतो. कारण हे 'चार पैसे' पुष्कळदा चाळीस-पन्नास हजार असतात. आणि आपल्या बेळगुंदी भागात ते भात, रताळी, काजूच्या हंगामातून, सोसायटीच्या कर्जातून किंवा आईच्या गळ्यातल्या दागिन्यातून येतात.

बुरूज बांधू पाहणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने शिकवले (लूक 14:28). आधी बसून! दुकानातल्या काउंटरसमोर उभे राहून, पोराच्या चेहऱ्याकडे बघत नव्हे. म्हणून आपण बसू आणि हिशेब करू.

समजा, साधा पण चांगला लॅपटॉप 45,000 रुपयांना मिळतो आणि मोठ्या नावाचा 90,000 ला. पहिला 5 वर्षे चालला तर वर्षाला 9,000 रुपये पडले. दुसरा त्याच भावात बसायचा तर तो 10 वर्षे चालला पाहिजे. 7 वर्षे चालला तरी वर्षाला सुमारे 12,850 रुपये पडतात. "महाग वस्तू जास्त टिकते" हे खरे असेलही. प्रश्न आहे, ती दुप्पट टिकते का? शिवाय लॅपटॉपवर 18 टक्के जीएसटी आहे. म्हणजे वरच्या 45,000 पैकी सुमारे 6,860 रुपये नुसता करच.

"पण हप्ते बिनव्याजी आहेत!" असे दुकानदार सांगतो. रिझर्व्ह बँकेने 2013 सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्टच अस्तित्वात नसते. व्याज कुठेतरी प्रोसेसिंग फीमध्ये नाहीतर न मिळालेल्या सवलतीत लपलेले असते. रोख दिले तर किती कमी करता, एवढे विचारून बघा. व्याज कुठे बसले आहे ते लगेच कळेल.

आता नावाचे बघू. विंडोजवर चालणाऱ्या स्वस्त आणि महाग लॅपटॉपमध्ये प्रोसेसर बहुतेक वेळा इंटेलचा किंवा एएमडीचाच असतो. तैवानच्या क्वांटा, कॉम्पल यांसारख्या कंपन्या एकाहून अधिक प्रसिद्ध ब्रँडचे लॅपटॉप बांधून देतात. थिंकपॅड हे नाव 1992 मध्ये आयबीएमने बाजारात आणले. 2005 मध्ये तो धंदा लेनोवोकडे गेला. मालक बदलला, नाव तेच राहिले. नाव ही विकत घेता येणारी गोष्ट आहे. तिच्यावर भाबडा विश्वास ठेवण्याचे आपल्याला कारण नाही.

कोणी म्हणेल, हा माणूस स्वस्ताचे गुणगान करतो आहे. तसे नाही. अगदी स्वस्त लॅपटॉपची बिजागरी दोन वर्षांत सैल होते, पडदा फिका असतो, मेमरी अपुरी पडते. तिथे वाचवलेला पैसा दुरुस्तीत जातो. जास्त पैसे जरूर द्या, पण आतल्या वस्तूसाठी द्या: 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, मजबूत कीबोर्ड, चांगली बॅटरी, वाढीव वॉरंटी. आणि दुरुस्ती बेळगावात होते की मशीन हुबळी-पुण्याला पाठवावे लागते, हे पैसे देण्याआधी विचारा.

ॲपलबद्दलही न्यायाने बोलू. नोव्हेंबर 2020 मध्ये एम1 चिपचा मॅकबुक एअर आला. तो पंख्याशिवाय चालतो आणि बॅटरी दिवसभर टिकते. लग्नाचे व्हिडिओ संपादित करून जो घर चालवतो, त्याला अशा मशीनचे पैसे काही हंगामांत परत मिळू शकतात. त्याने ते जरूर घ्यावे. पण बीकॉमच्या मुलीला टॅली शिकायचे आहे आणि टॅली विंडोजचे सॉफ्टवेअर आहे. मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या मुलाला सॉलिडवर्क्स लागले, तर तेही विंडोजवरच चालते. म्हणजे दुप्पट पैसे मोजून कामाला अडचण विकत घेतली. शिवाय त्या मॅकबुकची मेमरी बोर्डालाच जोडलेली असते. आज कमी घेतली तर उद्या वाढवता येत नाही.

दावीद गल्याथासमोर निघाला तेव्हा शौल राजाने त्याला स्वतःचे चिलखत आणि तलवार दिली. राज्यातले ते सर्वांत भारी सामान असणार. दावीदाने ते अंगावर घालून पाहिले, सराव नाही म्हणून काढून ठेवले, आणि ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे उचलले (1 शमुवेल 17). गोफण स्वस्त होती म्हणून त्याने ती निवडली नाही. ती त्याच्या हाताच्या सवयीची होती, समोरच्या कामाला पुरेशी होती.

आपल्या मराठी ख्रिस्ती परंपरेतही असे उदाहरण आहे. फादर थॉमस स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले. त्यांचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राचोल येथे छापले गेले, ते रोमन लिपीत, कारण छापायला देवनागरी खिळेच नव्हते. साधन इतके अपुरे, तरी सुमारे 11 हजार ओव्यांचा ग्रंथ उभा राहिला, आणि चारशे वर्षांनंतरही आपण त्याचे नाव घेतो.

मग उरतो तो 'कमीपणा'. खरे भांडण इथे आहे. लेकराला कमीपणा वाटू नये म्हणून आपण कर्ज काढतो, तेव्हा न बोलता त्याला शिकवतो की त्याची किंमत झाकणावरच्या चिन्हात आहे. रविवारी आपण त्याला सांगतो की देवाने तुला आपल्या प्रतिरूपात घडवले. सोमवारी दुकानात सांगतो की तेवढे पुरेसे नाही. यातले कोणते शिक्षण त्याच्या मनात राहील? दागिना कशासाठी गहाण पडला हे त्याला कळले, की तो लॅपटॉप ओझे होतो. कळले नाही, तर पुढचा फोनही त्याच रीतीने मागितला जातो.

यंदा ज्यांच्या घरी ही खरेदी आहे, त्यांनी मुलामुलींना बरोबर घेऊन तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहावीत. अभ्यासक्रमाला कोणते सॉफ्टवेअर लागते? हे कॉलेजातल्या शिक्षकांना किंवा वरच्या वर्गातल्या मुलांना विचारा. वर्षाला किती रुपये पडतात? आणि पैसे शिलकीतून जाणार की कर्जातून? वापरलेला लॅपटॉप घेणार असाल तर इंटेलची आठवी पिढी किंवा त्यानंतरचा प्रोसेसर पाहा, कारण विंडोज 10 ला मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11 त्याहून जुन्या मशीनना अधिकृतपणे चालत नाही. ऑफिसच्या कामाला लिब्रेऑफिस फुकट मिळते, आणि त्यात मराठी व कन्नड दोन्ही लिहिता येते.

हा हिशेब करूनही महाग लॅपटॉपच योग्य ठरला, तर तो निःसंकोच घ्या. त्यात पाप नाही. पण हिशेब कागदावर होऊ द्या आणि घरातल्या सगळ्यांसमोर होऊ द्या. ज्या आईचा दागिना जाणार आहे, तिलाही त्या वेळी बोलू द्या.