आग कशाने लागली हे कळते, जळले काय?

9 एप्रिल 2022 रोजी मुंबई-आग्रा महामार्गावर, इंदिरानगरच्या कडेला पाथर्डी फाट्याच्या परिसरात इलेक्ट्रिक स्कूटर घेऊन निघालेला कंटेनर पेटला. नाशिकमध्येच तयार झालेल्या 40 स्कूटर त्यात खाली-वर रचल्या होत्या. वरच्या मजल्यावरच्या 20 स्कूटर जळाल्या. सुदैवाने माणूस कोणी दगावला नाही, त्यामुळे चार दिवस चर्चा झाली आणि फाट्यावरची रहदारी पुन्हा आपल्या कामाला लागली.

त्या उन्हाळ्यात देशभर अशा स्कूटर पेटत होत्या. केंद्राने तज्ज्ञांची समिती नेमली आणि बॅटरीचे मानक, एआयएस-156, कडक केले. ते 1 डिसेंबर 2022 आणि 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. त्यामागचा प्रश्न महत्त्वाचा होता. बॅटरीतला एक सेल तापून फुटला, तर शेजारचा सेल पेटतो का, पेटत असेल तर किती वेळात, आणि स्वाराला गाडीपासून दूर व्हायला तेवढा वेळ मिळतो का? म्हणजे ठिणगी पडणारच असे गृहीत धरून, पुढे काय जळेल याचा विचार झाला. आपल्याकडे आगीबद्दल असा विचार क्वचित होतो.

सहा महिन्यांनी, 8 ऑक्टोबर 2022 च्या पहाटे, याच शहराच्या दुसऱ्या टोकाला औरंगाबाद रोडवरच्या मिरची हॉटेल चौकात यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी स्लीपर बस ट्रकवर आदळून पेटली. 12 जण गेले. नंतर बोलणे झाले ते चौकातल्या अतिक्रमणांचे, गतिरोधकांचे, चालकाच्या वेगाचे. ते सगळे बोलायलाच हवे होते. पण झोपलेली माणसे ज्या वस्तूंच्या मधोमध होती, त्या वस्तू कशाच्या होत्या, हा प्रश्न मागेच राहिला. 1 जुलै 2023 रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ दुसरी बस पेटली आणि 25 प्रवासी गेले. तेव्हाही चर्चा टायर फुटला की डुलकी लागली, याच वळणाने गेली.

स्लीपर बस आतून एकदा नीट पाहावी. बर्थच्या गादीत पॉलियुरेथेनचा फोम. त्यावर रेक्झिन, म्हणजे पीव्हीसीचा थर दिलेले कापड. प्रत्येक बर्थला पॉलिस्टरचा पडदा. प्लायवूडवर चिकटवलेला लॅमिनेट, छताला फायबरचे पत्रे, एसीच्या नळ्यांभोवती फोमचे वेष्टन आणि या सगळ्याच्या मागून फिरणाऱ्या दिव्यांच्या आणि चार्जिंगच्या वायरी. डिझेलची टाकी गाडीच्या बाहेरच्या बाजूला असते. हे बाकीचे इंधन प्रवाशाच्या उशाशी असते. इंधन हा शब्द इथे मोजून वापरला आहे. एक किलो लाकूड जळाले की साधारण 16 ते 18 मेगाज्यूल उष्णता निघते, पॉलियुरेथेन फोममधून 25 च्या पुढे. पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलीन तर 43 च्या पुढे जातात, म्हणजे जवळजवळ पेट्रोलइतके.

प्लास्टिक घन रूपात जळत नाही. उष्णतेने त्याच्या लांबलचक साखळ्या तुटतात, त्यांचा वायू होतो आणि तो वायू हवेत मिसळून पेटतो. त्या ज्वाळेची उष्णता पुन्हा खालच्या प्लास्टिकवर पडते, आणखी वायू सुटतो. फोम याबाबतीत फार वाईट, कारण त्याचा बहुतेक भाग हवाच असतो. उष्णता आत मुरून विरायला जागा नसते, पृष्ठभाग झटकन तापतो. पॉलिप्रॉपिलीनसारखी प्लास्टिके वितळून ठिबकतात आणि जळते थेंब खालच्या वस्तूवर नवी आग लावतात. म्हणूनच एकाच बर्थवरची आग बघता बघता सबंध बसची होते.

हे थांबवण्याचे उपाय रसायनशास्त्राने केव्हाच शोधले आहेत. ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडची पूड मिसळली, तर ती सुमारे 200 अंशांच्या पुढे फुटते आणि आपल्या वजनाच्या एक-तृतीयांशाहून थोडे अधिक पाणी वाफेच्या रूपात सोडते, आग थंडावते. फॉस्फरसची संयुगे प्लास्टिकच्या अंगावर कोळशाचा थर धरतात. काही लेप उष्णता लागली की तव्यावरच्या भाकरीसारखे फुगतात आणि खालच्या पदार्थाला झाकून घेतात. ब्रोमीन आणि क्लोरीन ज्वाळेतच शिरून तिच्यातल्या अभिक्रियांची साखळी तोडतात. प्रत्येकाची किंमत आहे. पाणी सोडणारी पूड निम्म्याहून अधिक वजनाची घालावी लागते, मग माल कडक होतो, साच्यात नीट वाहत नाही, वजन वाढते. कारखानदाराची ही अडचण खरी आहे. नियम करणाऱ्यांनी ती समजून घ्यावी आणि तरीही नियम करावा.

कारण आज वाहनांच्या आतल्या सामानाला जी चाचणी द्यावी लागते, ती किती सौम्य आहे ते पाहा. आयएस 15061 या मानकात कापडाचा किंवा फोमचा लांबट तुकडा चौकटीत आडवा धरतात, 15 सेकंद बर्नरची लहानशी ज्योत लावतात आणि आग मिनिटाला 100 मिलिमीटरपेक्षा वेगाने सरकली नाही, तर माल पास. ही कल्पना मूळची मोटारगाडीतल्या जळत्या सिगारेटच्या काळातली आहे. बसमधला पडदा मात्र आडवा नसतो, लटकलेला असतो, आणि उभ्या कापडावर ज्वाळ वर चढताना पुढचे कापड आधीच तापवत जाते, त्यामुळे तीच आग कितीतरी पट वेगाने धावते. युरोपच्या बस-नियमात पडद्यांसाठी उभी चाचणी आणि छताच्या सामानासाठी वितळून ठिबकण्याची चाचणी वेगळी आहे. आयएस 15061 मध्ये धूर मोजलाच जात नाही.

आणि बहुतेकांना मारतो तो धूर. पॉलियुरेथेनमध्ये नायट्रोजन असतो. कोंडलेल्या जागेत, हवा अपुरी पडू लागली की जळणाऱ्या फोममधून कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही निघते. पहिला वायू रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, दुसरा पेशींना तो वापरू देत नाही. झोपेतला माणूस उठून, पडदा सारून, अरुंद वाटेने दारापर्यंत पोहोचायच्या आत त्याचे हातपाय गळालेले असतात. 29 डिसेंबर 2017 रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईत कमला मिलमधल्या रूफटॉप हॉटेलांना आग लागली आणि 14 जणांचा जीव गेला. त्यातले अनेक जण स्वच्छतागृहाच्या आश्रयाला गेले होते आणि तिथे गुदमरले.

जानेवारी 2022 मध्ये केंद्राने लांब पल्ल्याच्या नव्या बसमध्ये प्रवासी भागातही आगीची सूचना देणारी आणि ती आवरणारी यंत्रणा आणण्याचा नियम काढला, तेव्हा प्रवाशांना इजा होते ती मुख्यतः उष्णता आणि धुराने, हे स्वतःच मान्य केले होते. ते मान्य असेल, तर धूर सोडणाऱ्या मालावरही मर्यादा यायला हवी.

हे अशक्य आहे असे म्हणायला जागा नाही, कारण रेल्वे ते करते. आगी रेल्वेलाही लागल्या आहेत: 28 डिसेंबर 2013 रोजी बंगळुरू-नांदेड एक्स्प्रेसचा वातानुकूलित डबा आंध्रात पेटला, 26 प्रवासी गेले. मराठवाड्यातल्या घरांना ती पहाट आठवत असेल. रेल्वेच्या आरडीएसओ या संशोधन संस्थेच्या निकषांत डब्यातल्या सामानाचा ऑक्सिजन निर्देशांक पाहतात, धुराची घनता आणि वायूंचा विषारीपणाही. ऑक्सिजन निर्देशांक म्हणजे पदार्थ जळत राहायला हवेत किमान किती टक्के ऑक्सिजन लागतो तो आकडा. हवेत तो 21 टक्के असतो. पॉलिथिनला 18 च्या आसपास पुरतो, म्हणून ते पेटले की पेटतच राहते. रेल्वेच्या बर्थला जे लागू आहे, ते रस्त्यावरच्या बर्थला का नको? दोन्हीकडे माणूस तसाच झोपलेला असतो.

इंदिरानगरच्या शेजारच्या अंबड औद्योगिक वसाहतीत आग रोखण्याचे हे शास्त्र रोजच्या कामाचा भाग आहे. तिथल्या मोल्डिंगच्या शेडमध्ये स्विचगिअरचे भाग काढणाऱ्या कामगारालाही ‘व्ही-झिरो ग्रेड’, म्हणजे ज्योत काढताच झटपट स्वतः विझणारे प्लास्टिक, ठाऊक असते. घरातल्या एमसीबीचे वीज वाहणारे भाग धरून ठेवणारे प्लास्टिक 960 अंशांपर्यंत तापवलेल्या तारेच्या चाचणीतून जाते. दोन बोटांच्या रुंदीचा तो डबा एवढी परीक्षा देतो आणि त्याच भिंतीला टेकून ठेवलेला, दहा-पंधरा किलो फोमचा सोफा मात्र कुठली परीक्षा देऊन आला, हे सांगणारी चिठ्ठी त्याला नसते.

वायरीच्या दुकानातही अर्धेच ज्ञान विकले जाते. “एफआर आहे साहेब, जळत नाही,” असे वडाळा-पाथर्डी रस्त्यावरच्या दुकानदारापासून वायरमनपर्यंत सगळेच सांगतात. एफआरचा अर्थ इतकाच, की ज्योत काढून घेतली की वायर स्वतः विझावी. ज्योत लागलेली असेतो तिच्यातल्या पीव्हीसीमधून हायड्रोजन क्लोराइड निघतच राहतो, जो डोळ्यांना आणि श्वासनळीला आम्लासारखा झोंबतो. त्याहून वरची एफआर-एलएसएच म्हणून जी वायर मिळते, तिलाही वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत हा वायू सोडण्याची मुभा आहे. हॅलोजनविरहित एचएफएफआर वायरीसाठी 2018 पासून आयएस 17048 हे वेगळे मानक आहे. जिना एक आणि मजले सात अशा सोसायटीत मीटर-खोलीपासून वर जाणाऱ्या वायरी तरी याच प्रतीच्या असाव्यात, असा ठराव वार्षिक सभेत व्हायला हरकत नाही. फरकाची रक्कम सगळ्या सभासदांत वाटली गेली की फार उरत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे. आगरोधक रसायनेच विषारी निघाली तर? तसे झालेले आहे. अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत ‘ट्रिस’ नावाचे ब्रोमीनयुक्त रसायन वापरत; ते कर्करोगकारक असल्याचे दिसल्यावर 1977 मध्ये त्यावर बंदी आली. फोममध्ये सर्रास घातले जाणारे पेंटा-बीडीई 2009 मध्ये स्टॉकहोम कराराच्या बंदीयादीत गेले आणि भारतानेही 2018 च्या नियमांनी त्याच्यासह सात रसायनांवर बंदी घातली. ही रसायने फोममधून घरातल्या धुळीत उतरतात आणि रांगणारे मूल ती धूळ तोंडात घालते. तेव्हा दिसेल त्या वस्तूत आगरोधक ओता, अशी मागणी करणे चुकीचे ठरेल. कॅलिफोर्नियाने 2013 मध्ये सोफ्याची चाचणी बदलली. फोमला ज्योत लावून पाहण्याऐवजी धुमसणाऱ्या सिगारेटपुढे वरचे कापड टिकते का ते पाहिले जाऊ लागले आणि फोममधल्या रसायनांची गरज कमी झाली. घरातून चालत बाहेर पडता येते, तिथे हा मार्ग बरा. बंद बसमध्ये, रुग्णालयात, चित्रपटगृहात निकष कडक हवेत आणि ते मुळातच कमी जळणाऱ्या मालाने पाळावेत.

इगतपुरीजवळच्या मुंढेगावात जिंदाल पॉलीफिल्म्सच्या कारखान्यात असेच प्लास्टिक मोठ्या प्रमाणावर पेटले. वेफरच्या पुड्यांना लागते तसली फिल्म तिथे बनते. 1 जानेवारी 2023 च्या आगीत कामगारांचे जीव गेले आणि 21 मे 2025 रोजी पुन्हा लागलेली आग दोन दिवसांहून अधिक काळ धुमसत राहिली. अशा दुर्घटनेच्या चौकशीत किती टन फिल्म एका छपराखाली, मध्ये आगरोधक भिंत न ठेवता, साठवलेली होती, हे पहिल्या पानावर यावे. अग्निशमन दलाच्या अहवालात ‘संभाव्य कारण’ असते, तसे ‘काय जळले, किती आणि किती वेळात’ असे रकाने छापले, तरी पुढच्या नियमाला आधार मिळेल.

काय जळू शकते हे आग लागण्याआधीच तपासण्याची संधी नाशिकला लगेच आहे. सिंहस्थाचे ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला, पहिले अमृतस्नान 2 ऑगस्ट 2027 ला. तपोवनातल्या साधुग्रामात तंबू, ताडपत्री, पॉलिस्टरचे पडदे, फ्लेक्सचे फलक, फोमच्या गाद्या आणि गॅसच्या शेगड्या एकमेकांना खेटून असतील. प्रयागराजला 19 जानेवारी 2025 रोजी तंबूंना लागलेली आग सगळ्यांनी पाहिली आहे. तात्पुरत्या मांडवांसाठी आयएस 8758 हे मानक आहेच. महापालिकेने आणि कुंभमेळा प्राधिकरणाने निविदेत तेवढाच उल्लेख करून थांबू नये. प्रत्येक खेपेतल्या कापडाचा तुकडा, ठेकेदाराने आणून दिलेला नव्हे तर उभारलेल्या तंबूतून कापलेला, उभा टांगून तपासावा. पावसात भिजल्यावर आणि उन्हात वाळल्यावर तो पुन्हा तपासावा, कारण कापडावर नुसते फवारलेले आगरोधक क्षार पहिल्याच पावसात धुऊन जातात, आणि पहिले अमृतस्नान ऐन पावसाळ्यात आहे.