चाकामागची रबरी पट्टी आणि आपण सभासद



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या पत्रिकेत उताऱ्याची, दराची आणि तोडणीच्या पाळीपत्रकाची चर्चा होते. ती व्हावयासच पाहिजे. परंतु ऊस फडातून निघाला आणि काट्यावर पोचला, या दोहोंच्या मधल्या वाटेचा विचार आपण फारसा करीत नाही. त्या वाटेवरील एका लहानशा वस्तूविषयी आज चार शब्द लिहीत आहे. ती वस्तू म्हणजे ट्रकच्या आणि ट्रॉलीच्या मागील चाकामागे लोंबणारी रबरी पट्टी. ड्रायव्हर मंडळी तिला फ्लॅप म्हणतात, कोणी मडफ्लॅप म्हणतो. उसाच्या पुष्कळ गाड्यांना ती नसते, आणि ज्यांना असते त्यांतल्या बऱ्याच गाड्यांना ती असून नसल्यासारखी असते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा रबराकरिता लेख कशाला? तर त्याला कारण आपली जमीन आहे. वर्धा जिल्ह्यातील भारी काळी जमीन कशी आहे हे कास्तकाराला सांगावयास नको. ओली झाली की पायातला जोडा ओढून घेते. ऊस ओलिताचा, त्यातून कार्तिकात एखादा अवकाळी पाऊस झाला तर वावर आठ-आठ दिवस वाफशावर येत नाही. तोडणीची टोळी मात्र थांबत नाही, कारण पाळी गेली तर ऊस वाळतो. मग गाडी वावरात जाते, चाके चिखलाने भरतात, आणि तीच चाके धुऱ्यावरून पांदणीत आणि पांदणीतून डांबरी सडकेवर येतात. पांदणीतील मुरमाचे गोटे मागील जोडटायरच्या फटीत अडकून बसतात. चिखल वाळून त्याची ढेकळे होतात. गाडी हळू आहे तोवर हे सर्व चाकाबरोबर फिरत राहते. सडक चांगली लागून वेग धरला की सुटते.

सुटते म्हणजे काय होते, हे नीट समजून घ्यावे. चाकाच्या कडेवरून सुटलेला गोटा गाडीच्या मानाने गाडीच्याच वेगाने मागे येतो. गाडी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल आणि मागे तितक्याच वेगाने दुचाकी येत असेल, तर तो गोटा त्या दुचाकीवाल्यावर ताशी ४० किलोमीटरच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटरच्या वेगाने येतो. काचेमागे बसलेल्या मोटारवाल्याची काच फुटेल. दुचाकीवाल्यापुढे काच नसते, त्याचे तोंड असते. ढेकूळ मऊ असले तरी डोळ्यांवर चिखल आला की माणूस क्षणभर आंधळा होतो, आणि भरल्या सडकेवर तेवढा क्षण पुरेसा असतो.

आता त्या सडकेवर कोण असते ते पाहा. आपला गळीत हंगाम आणि कपाशीचा हंगाम एकाच वेळी चालतो. हिंगणघाट, देवळी, पुलगावकडे कापसाच्या गाड्या जात असतात. सकाळी शाळेची पोरे सायकलवर असतात. दूधवाले असतात, भाजी घेऊन वर्ध्याच्या बाजारात जाणाऱ्या बाया असतात. बुटीबोरीहून केळझर, सेलू, पवनार असा वर्ध्याला येणारा रस्ता आता चौपदरी झाला, गाड्यांचा वेग वाढला. म्हणजे ज्या गोट्याने पूर्वी पाय शेकला असता तो आता डोके फोडील. आणि मागून येणारा हा माणूस परका नसतो. तो बहुधा सभासदाचाच मुलगा, नाहीतर सभासदाच्याच गावचा असतो.

पट्टी कशी असावी

पट्टी कोठून लोंबते आणि जमिनीपासून किती उंचीवर संपते, यावर तिचा सगळा उपयोग अवलंबून आहे. ती चाकाच्या जवळ असावी, जोडटायर असतील तर दोन्ही टायर झाकील इतकी रुंद असावी, आणि खाली जमिनीजवळ यावी. पट्टी खाली असली की जे सुटते ते खालूनच, सपाट जाते आणि सडकेवर आपटते. पट्टी दोन फूट वर राहिली की तिच्याखालून वर चढणारी वाट मोकळी होते आणि गोटा मागच्याच्या तोंडापर्यंत येतो.

युरोपातील देशांनी १९९१ साली ट्रक-ट्रेलरच्या चाकांवरून उडणाऱ्या पाण्यासंबंधी एक समान नियम केला. त्यात पट्टीची खालची कड जमिनीपासून साधारणपणे २०० मिलिमीटरहून, म्हणजे आठ इंचांहून वर नसावी असे मोजमाप दिले, काही ठिकाणी ३०० मिलिमीटरपर्यंत सवलत ठेवली. आडरानात चालावयाच्या खास गाड्यांना मात्र त्या नियमातून वगळले, कारण खड्ड्याखाचरातून जाताना इतकी खाली पट्टी टिकत नाही. आपली अडचण नेमकी येथे आहे. आपल्या उसाच्या गाडीला दोन्ही कामे एकाच खेपेत करावी लागतात. अर्धा तास ती आडरानातली गाडी असते आणि पुढचा तास सडकेवरची.

त्यात आणखी एक भर आपल्याकडची. जास्त ऊस बसावा म्हणून ट्रकच्या कमानीत जादा पाटे घालतात. गाडी उंच होते, वावरात बूड टेकत नाही, मालकाला बरे वाटते. पण गाडी वर गेली की तिच्याबरोबर पट्टीही वर जाते. कारखानदाराने ज्या मापाने ती लावून दिली होती ते माप गेले. नवी लांब पट्टी लावावी हे कोणाच्या मनात येत नाही. असून नसल्यासारखी म्हटले ती हीच. ट्रॉल्यांचे तर विचारूच नये. पुष्कळ ट्रॉल्या गावच्या वर्कशॉपात बनतात, मागील चाकाच्या पुढे ट्रॉलीची बॉडी वीत-दीड वीतच राहते, आणि पट्टी लावावयास आडवी पट्टीसुद्धा ठेवलेली नसते.

कायद्याचे काय

मोटार वाहन कायदा १९८८ चा आहे. त्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणी पुस्तकातील तपशील बनवणाऱ्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात हीच गोष्ट बजावून सांगितली. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली. परवानगी नसलेल्या अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. ज्या जादा वजनाकरिता पाटे घालतात त्याचा दंड निराळा : २०,००० रुपये, आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये.

ट्रकला ठराविक मुदतीने योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा निदान कोणीतरी खाली वाकून पाहतो. शेतीचा ट्रॅक्टर मात्र केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या व्याख्येनेच माल-प्रवासी वाहतुकीच्या वाहनांत मोडत नाही. कास्तकाराच्या सोयीसाठी ही सवलत आहे आणि ती राहावी. परंतु तिचा परिणाम असा की आपल्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीकडे वर्षानुवर्षे कोणी पाहत नाही. सरकारचा माणूस जेथे पाहत नाही तेथे आपण पाहिले पाहिजे. सहकाराचा अर्थ मी तरी असाच समजतो.

वाहतूकदारांचे म्हणणे

वाहतूकदारांची बाजू ऐकल्याशिवाय त्यांच्यावर बोजा टाकणे बरोबर नाही. ते म्हणतात, "भाऊ, फ्लॅप लावला तर पहिल्याच खेपेला वावरात राहते. गाडी मागे घेतली का चाकाखाली येते अन् उपटून जाते." हे खरे आहे. आठ इंचांवर लोंबणारी पट्टी घेऊन धुरा ओलांडताना गाडी मागे घेतली तर पट्टी टायर आणि माती यांच्यात सापडते. म्हणूनच ड्रायव्हर ती कापून टाकतो किंवा काढून ठेवतो. त्याचा हा अनुभव आहे, आळस नव्हे.

पण त्यावर तोड अवघड नाही. पट्टीच्या खालच्या कडेला एक भोक, त्यात साखळीचा तुकडा, आणि वर बॉडीला एक आकडा. वावरात शिरताना पट्टी वर उचलून आकड्याला अडकवावी, सडकेला लागताना सोडावी. क्लीनरचे अर्ध्या मिनिटाचे काम. वरच्या कडेला रबर नुसत्या दोन बोल्टांवर लोंबू न देता त्यावर लोखंडी पट्टी दाबून चार बोल्ट मारले तर भोके फाटत नाहीत. हे काम गावचा कोणताही वेल्डिंगवाला करील.

दुसरे म्हणणे खर्चाचे. एका टायरच्या किमतीपुढे या रबराची किंमत काय, असे म्हणता येईल. पण टोळीची उचल देऊन आधीच वाकलेल्या वाहतूकदाराला प्रत्येक रुपया मोजावा लागतो, हेही खरे. येथे कारखाना मदत करू शकतो. कारखान्यात वाहक यंत्रांचे रबरी पट्टे झिजले की काढून टाकतात आणि ते भंगारात जातात. त्या जाड, कापडाचे थर असलेल्या रबराइतका टिकाऊ फ्लॅप बाजारात शोधून मिळावयाचा नाही. ते मापाने कापून करारातील वाहनांना अल्प किमतीत द्यावे आणि रक्कम वाहतूक बिलातून हप्त्याने वळती करावी.

सभासदाचा संबंध

आपल्यातील काही जण म्हणतील, गाडी माझी नाही, करार कारखान्याचा आहे, मला काय त्याचे? बंधूंनो, चिखल आपल्या वावरातला आहे. वाहतुकीचा खर्च आपल्याच उसाच्या हिशेबातून जातो. आणि कारखाना तरी कोणाचा? एखाद्या पोराचा डोळा गेला तर गावात कोणी ट्रकमालकाचे नाव घेत नाही, "कारखान्याची गाडी" असेच म्हणतात. त्या शब्दात आपण सगळे आलो.

तेव्हा माझ्या सूचना अशा आहेत.

पहिली, पुढील हंगामाच्या तोडणी-वाहतूक करारात एक कलम घालावे : मागील चाकांना पुरेशा रुंदीची, वर अडकवता येणारी पट्टी असल्याशिवाय गाडी नोंदवली जाणार नाही. चालू हंगामात सक्ती नको, समज द्यावी आणि रबर द्यावे.

दुसरी, तपासणी गाडी रिकामी झाल्यावर करावी. हा मुद्दा महत्त्वाचा आहे. भरलेली गाडी कमानींवर बसते, पट्टी जमिनीजवळ येते आणि पाहणाऱ्याला सर्व ठीक वाटते. गव्हाणीवर ऊस खाली झाला की तीच गाडी काही इंच वर उठते, पट्टीही उठते, आणि परतीला रिकामी गाडी भरलेल्या गाडीपेक्षा जोरात पळते. म्हणून रिकाम्या वजनाला गाडी काट्यावर उभी असतानाच एक काठी लावून पाहावे. काठीवर खूण केलेली असली की शिकलेला माणूससुद्धा लागत नाही. भरल्या गाडीची पट्टी सडकेला घासणार नाही आणि रिकाम्या गाडीची फुटाच्या वर जाणार नाही, असे माप शेतकी विभागाने गाड्या पाहून ठरवावे.

तिसरी सूचना सभासदांना. पट्टी उडणारा चिखल अडवते, गळणारा अडवीत नाही. सडकेवर पडून राहिलेला काळा चिखल दवाने ओला झाला की साबणासारखा होतो आणि पहाटे येणारी दुचाकी त्यावरून घसरते. म्हणून वावरातून सडकेला निघावयाच्या जागी आपण मुरूम किंवा पाचट टाकावे, आणि गाडी सडकेला लावण्यापूर्वी ड्रायव्हरला चाके कुदळीने, खुरप्याने साफ करू द्यावीत, जोडटायरमधला गोटा काढू द्यावा. पाच मिनिटे जातील. तेवढ्याकरिता "चाल लवकर, मागची गाडी खोळंबली" असा तगादा लावू नये.

बंडीवाल्यांना या पट्टीची गरज नाही, बैलाच्या चालीने गोटा उडत नाही. त्यांना मागे लाल चमकपट्टी हवी, पण तो विषय निराळा आणि पत्रिकेत त्यावर पुष्कळदा लिहून आले आहे.

येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेत उसाच्या दराच्या चर्चेला जितका वेळ द्यावयाचा तितका अवश्य द्यावा. त्यातून दहा मिनिटे या विषयाला मिळावीत आणि करारातील कलमाचा ठराव मांडला जावा, अशी संचालक मंडळास व सर्व सभासदांस नम्र विनंती आहे. ठराव मांडण्यास एक सूचक आणि एक अनुमोदक लागतो. सूचक होण्यास मी तयार आहे. अनुमोदक आपल्यातून कोणी पुढे यावे.