तद्विद्यसंभाषा

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक वाद झाला. आमचा पुतण्या इमारतींच्या सांगाड्याचें गणित करणारा, म्हणजे ज्यांस स्ट्रक्चरल इंजिनीयर म्हणतात त्यांपैकीं आहे. पदवी घेऊन त्याला बारा वर्षें झालीं. तरी दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीं सायंकाळीं तो वही घेऊन आपल्या व्यवसायबंधूंच्या सभेस जातो आणि रात्रीं साडेनवाच्या पुढें परततो. या वेळीं नेमका त्याच दिवशीं घरीं सत्यनारायण होता. "पदवी मिळाली, काम चांगलें चाललें आहे, आतां हा अभ्यास कसला?" असें वहिनींनीं विचारलें. खरें सांगावयाचें तर तोच प्रश्न आमच्याहि मनांत होता. जन्मभर मुलांस शिकविलेल्या माणसाच्या मनांत असा प्रश्न यावा ही शोभण्यासारखी गोष्ट नव्हे. परंतु आला, हें लपवून काय उपयोग?

या सभेंत चालतें तरी काय, असें आम्हीं त्यास विचारलें. तो म्हणाला, "काका, एखादा जाणता तासभर बोलतो आणि पुढें तासभर बाकीचे त्याला प्रश्न विचारतात. नव्या संहितेंतील कलमें, जुन्या इमारतींची दुरुस्ती, कोठें कांहीं पडलें तर तें कां पडलें, असे विषय." परदेशीं कित्येक ठिकाणीं असा अभ्यास सक्तीचा आहे. न्यूयॉर्क राज्यांत दर तीन वर्षांस ३६ तासांचा अभ्यास दाखविल्यावांचून इंजिनीयरचा परवाना पुढें चालत नाहीं. पुतण्याच्या सभेस मात्र सक्ती नाहीं. जाणारे आपखुषीनें जातात.

मग त्यानें एक उदाहरण सांगितलें. १९६७ च्या ११ डिसेंबरला पहांटे कोयनानगर हादरलें. त्यापूर्वीं दख्खनचें पठार भूकंपाच्या दृष्टीनें स्थिर आहे असा जाणत्यांचा समज होता. १९७० सालीं भूकंपविषयक भारतीय संहितेची नवी आवृत्ति निघाली, तींत कोयनेचा प्रदेश चौथ्या, म्हणजे बऱ्याच वरच्या धोक्याच्या पट्ट्यांत घालण्यांत आला. लातूरकडील भाग मात्र पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यांतच राहिला. १९९३ च्या ३० सप्टेंबरला, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनाची रात्र सरतां सरतां, किल्लारी व आसपासचीं गांवें जमीनदोस्त झालीं आणि हजारों माणसें दगडमातीच्या भिंतींखालीं झोपेंतच गेलीं. २००२ सालच्या आवृत्तींत तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि लातूरचा भाग तिसऱ्यांत आला. "माझ्या गुरुजींनीं कॉलेजांत जो नकाशा पाठ केला होता," पुतण्या म्हणाला, "त्यांत किल्लारी निर्धास्त होती. त्यांनीं पुढें कांहीं वाचलेंच नसतें, तर त्यांनीं मला काय शिकविलें असतें?"

आम्ही निरुत्तर झालों. संस्कृताचा अभ्यास केलेल्या आम्हांस हें मुळांत विचारावेंच लागावयास नको होतें. चरकसंहितेच्या विमानस्थानांत वैद्यानें वैद्याशीं शास्त्रचर्चा करीत राहावें असा उपदेश आहे, आणि तिला 'तद्विद्यसंभाषा' असें सुंदर नांव दिलें आहे. तीच विद्या जाणणाऱ्यांनीं एकमेकांशीं बोलणें, हा तिचा अर्थ. तिचे प्रकार दोन. एक संधायसंभाषा, हींत समोरचा मित्र असतो, त्यास निःशंक विचारावें, त्यानें विचारल्यास निःशंक सांगावें, आणि आपण उणे ठरूं अशी भीति बाळगूं नये. दुसरी विगृह्यसंभाषा; ती जिंकण्यासाठीं असते. वैद्याची चूक बहुधा एका रोग्यास भोंवते. इमारत रचणाराची चूक एका क्षणांत शंभरांस भोंवूं शकते. तेव्हां वैद्यांस जी संभाषा आवश्यक, ती या मंडळींस किती पटींनीं आवश्यक असावी!

येथेंच वाद मिटला असता. पण पुतण्या पुढें हळूच म्हणाला, "या वेळीं मीच बोलणार आहें. माझ्या एका चुकीविषयीं." तेव्हां आमचे ज्येष्ठ बंधु, म्हणजे त्याचे वडील, वर्तमानपत्र खालीं ठेवून सरसावून बसले.

चूक अशी. एका चार मजली इमारतीच्या गॅलऱ्या भिंतीपासून पांच फूट बाहेर काढलेल्या होत्या. एका टोंकाला घट्ट धरलेली फळी दुसऱ्या टोंकाशीं दाबली तर ती खालीं वांकते. तिची वरची बाजू ताणली जाते व खालची दबते. काँक्रीट दाब उत्तम सोसतें, ताण सोसत नाहीं. म्हणून ताण सोसणाऱ्या लोखंडी सळ्या गॅलरीच्या वरच्या अंगास घालाव्या लागतात. खोलीच्या छतास दोन्हीकडून आधार असल्यामुळें मधल्या भागांत त्याच सळ्या खालच्या अंगास लागतात. पुतण्याच्या कचेरींतून गेलेल्या नकाशांत छताची आकृति चुकून गॅलरीलाहि लागली, आणि नकाशा तपासून सही करणारा तोच होता. स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळीं एका वृद्ध मिस्त्रीनें "साहेब, या सळ्या खालीं कशा?" असें विचारलें. रात्रभर दिवे लावून सळ्या वर बांधण्यांत आल्या. कोणास इजा झाली नाहीं, आणि बाहेर कोणास कळलेंहि नाहीं.

"मग झालें तर!" दादा म्हणाले. "जें घडलेंच नाहीं तें चारचौघांत कशाला सांगतोस? झांकली मूठ सव्वा लाखाची. तेथें बसलेले सारे तुझ्याच धंद्यांतले. उद्यां तेच तुझीं कामें घेतील." आणि आम्हींहि दादांचीच री ओढली. घराची अब्रू, व्यवसायांतील नांव, लग्नाच्या वयाची धाकटी बहीण, असें काय काय आम्ही बोललों तें आतां लिहावयास संकोच वाटतो.

पुतण्यानें तेव्हां आम्हांस अमेरिकेंतील कॅन्सस सिटी या शहरांतली एक हकीकत सांगितली. तेथील हयात रीजन्सी हॉटेलाच्या भव्य दिवाणखान्यांत वरून टांगलेले पादचारी पूल होते. चौथ्या मजल्याचा वर आणि दुसऱ्या मजल्याचा त्याच्या बरोबर खालीं. मूळ योजनेंत दोन्ही पूल छतापासून खालपर्यंत आलेल्या एकेका अखंड गजावर टांगावयाचे होते. काम करतांना सोयीसाठीं गजाचे दोन तुकडे केले. वरचा पूल छतास टांगला आणि खालचा पूल वरच्या पुलास. विहिरीच्या एकाच दोराला दोघे जण लोंबकळले तर प्रत्येकाचे हात आपापला भार सोसतात. पण दुसऱ्यानें पहिल्याचे पाय धरले तर पहिल्याच्या हातांवर दोघांचा भार येतो. तसेंच येथें झालें. वरच्या पुलाच्या सांध्यावर दुप्पट भार आला. आणि चौकशींत असें दिसलें कीं मूळ योजनेंतील सांधाहि शहराच्या नियमांस पुरा पडणारा नव्हता. बदललेल्या सांध्याचें गणित कोणींच केलें नव्हतें. १९८१ च्या १७ जुलैला संध्याकाळीं खालीं नृत्याचा कार्यक्रम चालला असतां दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसें प्राणास मुकलीं. त्या कामाची जबाबदारी ज्यांच्यावर होती ते इंजिनीयर जॅक गिलम यांचा त्या राज्यांतील परवाना गेला. पुढें ते इंजिनीयरांच्या सभांतून या दुर्घटनेविषयीं स्वतः बोलत. आपल्या हातून झालें तें दुसऱ्याच्या हातून होऊं नये, एवढ्याचसाठीं.

"पण त्यांचे पूल पडले होते. तुझें कांहीं पडलें नाहीं," दादा म्हणाले.

त्यावरहि पुतण्याजवळ उत्तर होतें. न्यूयॉर्क येथील ५९ मजली सिटीकॉर्प इमारत १९७७ सालीं पुरी झाली. दुसऱ्याच वर्षीं तिचे इंजिनीयर विल्यम लेमेझुरियर यांच्या ध्यानीं आलें कीं तिरप्या दिशेनें येणाऱ्या वादळी वाऱ्यापुढें तिचे बोल्टांचे सांधे अपुरे पडतील. त्यांनीं स्वतः जाऊन मालकांस सांगितलें, आणि रात्रीं रात्रीं सांध्यांवर पोलादी पट्ट्या वेल्डिंगनें बसवून इमारत मजबूत करण्यांत आली. तीहि पडली नाहीं. परंतु ही हकीकत लोकांपुढें आली १९९५ सालीं. "सतरा वर्षें, काका! तेवढ्या काळांत तीच चूक आणखी कोणी करीत असता, तर त्याला सावध कोणीं केलें असतें?"

दादा उठून आंत गेले. सत्यनारायण सकाळींच उरकला होता. संध्याकाळीं आम्ही प्रसादाचा डबा घेऊन पुतण्याबरोबर निघालों. थोडें कुतूहल होतें, आणि थोडें असेंहि होतें कीं मुलगा एकटा जाऊं नये.

साधें सभागृह, चाळीसेक मंडळी. पुतण्यानें फळ्यावर गॅलरी काढली, सळ्या जेथें होत्या तेथें काढल्या, आणि जेथें असावयास हव्या होत्या तेथें रंगीत खडूनें काढल्या. त्याचा आवाज प्रथम कांपत होता. बोलणें संपल्यावर क्षणभर सारे स्तब्ध. आमच्या छातींत धडधड होऊं लागली. मग पुढच्या रांगेंतील एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ उठले व म्हणाले, "माझ्या हातून हें १९८६ सालीं झालें. मला विचारणारा मिस्त्री नव्हता. माझी गॅलरी भरली गेली. खालीं टेंकू देऊन ती फोडली आणि खिशांतून पैसे घालून पुन्हां बांधली. आजवर हें मीं कोणास सांगितलें नव्हतें." त्यांच्यानंतर आणखी एक जण उठला.

पुढचा तासभर कोणीं कोणास दोष दिला नाहीं. गॅलरीची आकृति नकाशांत निराळी व ठळक असावी. सळ्या वर बांधल्या तरी मजुरांच्या पायांखालीं त्या दबतात, म्हणून त्यांखालीं टेंकण्या पुरेशा असाव्या. स्लॅब भरण्यापूर्वीं ज्यानें नकाशा काढला नाहीं अशा दुसऱ्या माणसानें तो पाहावा. अशा तीन गोष्टी फळ्यावर लिहिल्या गेल्या आणि तरुण मंडळींनीं वहींत उतरून घेतल्या. त्या मिस्त्रीस पुढच्या सभेस आदरानें बोलवावें असेंहि ठरलें. हीच ती संधायसंभाषा. ग्रंथांत वाचलेली होती. पाहिली त्या दिवशीं.

घरीं परततांना आम्हांस एक जुनी गोष्ट आठवली. 'पुनः' व 'रमते' यांचा संधि आम्ही वर्गांत कित्येक वर्षें 'पुनर्रमते' असा शिकवीत होतों. मराठींतील 'पुनर्रचना' आमच्या जिभेवर बसली होती. एका मुलानें उठून सांगितलें कीं रेफापुढें रेफ आला असतां पहिल्याचा लोप होऊन मागला स्वर दीर्घ होतो, म्हणून 'पुना रमते' असें पाहिजे. आम्हीं त्यास "बस खालीं" म्हटलें. घरीं पुस्तक उघडलें. मुलगा बरोबर होता. पुढल्या वर्षापासून आम्हीं मुकाट्यानें बरोबर शिकविलें, पण त्या मुलास कांहीं सांगितलें नाहीं, आणि आपल्या सहशिक्षकांस तर नाहींच नाहीं. आमच्या चुकीनें कोणाच्या अंगावर छत पडलें नाहीं, एवढेंच आमचें भाग्य.

या गोष्टीचा शेवट गोड झाला असें आम्ही लिहूं शकत नाहीं. सभेंतील वार्ता कशी कोण जाणे बाहेर गेली, आणि एका गिऱ्हाइकानें हातांतलें काम काढून घेतलें. दादांनीं आम्हांकडे एकवार पाहिलें, बोलले नाहींत. ब्रिटनमध्यें २००५ सालीं अशी व्यवस्था सुरू झाली कीं इंजिनीयरनें झालेली चूक किंवा थोडक्यांत टळलेला अपघात गुप्तपणें कळवावा, आणि नांवगांव गाळून त्यांतील बोध तेवढा प्रसिद्ध करावा. सत्य सांगणारास झळ लागूं नये याची काळजी समाजानेंच घ्यावयाची असते, हें त्या लोकांनीं ओळखलें. आपणहि ओळखावें. ज्यांच्या घरीं असा मुलगा, मुलगी किंवा सून आहे त्यांनीं त्यांची सभेची संध्याकाळ मोडूं नये. आणि ज्यांस नवें घर घ्यावयाचें आहे त्यांनीं फरशीचा रंग विचारण्यापूर्वीं सांगाड्याचें गणित कोणीं केलें व तें दुसऱ्या कोणीं तपासलें, एवढें विचारावें. चूक कबूल करणारा इंजिनीयर भेटला तर त्याचें काम काढून घेऊं नये.

आमच्या घरीं दुसऱ्या शनिवारचें ताट वहिनी आतां झांकून ठेवतात. दादा या विषयावर अद्याप बोलत नाहींत. परंतु परवां संध्याकाळीं चहाचा पेला घेऊन ते गॅलरींत गेले, उंबऱ्याशींच थबकले आणि पुतण्यास म्हणाले, "कायरे, हिच्या सळ्या वर आहेत ना?"