पिठाच्या डब्यामागची कार्डं

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आमच्या चाळीतली सात नंबरवाली दारात येऊन उभी राहिली. मी कपडे वाळत घालत होते. "काकू, तुम्ही पतपेढीत होतात ना?" एवढंच विचारलं आणि गप्प झाली. होते, अठ्ठावीस वर्षं. आत ये म्हटलं. आत आल्यावर तिने कापडी पिशवीतून कर्जाची तीन कार्डं आणि एक चुरगळलेली छोटी डायरी काढली आणि खाली मांडली. "पिठाच्या डब्यामागे ठेवते. ह्यांना दोनच माहीत आहेत."

विरारच्या फुलपाड्यात, जीवदानीच्या डोंगराच्या अंगाला, पापडखिंडीच्या वाटेवर आमच्यासारख्या चाळी पुष्कळ. कोण कोकणातून आलेलं, कोण घाटावरून, कोण थेट जौनपूरहून. सात नंबरवालीचा नवरा भाड्याची रिक्षा चालवतो. ती बारा मुलांचे डबे करते, पोळी-भाजी आणि डाळ-भात. दोघांचं मिळून महिन्याला चोवीस हजार हातात येतात. हे काही वाईट नाही. तिला कोणी गरीब म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. अडचण तिथेच आहे, कारण गरिबाला निदान मागायची सवय असते.

मी चष्मा लावला आणि बेरीज करायला घेतली. तिन्ही कार्डांचे हप्ते मिळून महिन्याला 8,700. डायरी होती 'डेली'वाल्याची. ही पद्धत ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. माणूस हातात 9,000 ठेवतो आणि रोज 100 रुपये असे शंभर दिवस नेतो. ऐकायला हजार रुपयांचाच फरक. पण मुद्दल रोज कमी होत जातं हे धरून हिशेब मांडला तर वर्षाचा दर ऐंशी टक्क्यांच्या आसपास जातो. महाराष्ट्राच्या 2014 च्या सावकारी कायद्याप्रमाणे परवाना नसताना हा धंदा करणं गुन्हा आहे, आणि तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे करता येते. पण शंभर रुपये न्यायला रोज संध्याकाळी हसत येणाऱ्या पोराविरुद्ध निबंधकाकडे कोण जातं?

तर डेलीचे महिन्याला 3,000. एकूण 11,700. भाडं 6,000. उरले 6,300, आणि खाणारी तोंडं चार.

आता गंमत बघा. रिझर्व्ह बँकेने 2022 साली लहान कर्जांसाठी नियम केले. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला तारण न घेता दिलेली ही कर्जं. त्यात म्हटलंय की घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. चोवीस हजारांचे निम्मे बारा हजार. म्हणजे डेली धरूनसुद्धा ही बाई नियमात बसते! शिवाय ही कार्डं देणाऱ्या कंपन्यांच्या संगणकात डेलीवाला दिसतच नाही, त्यामुळे त्यांच्या लेखी तिच्याकडे अजून तीन हजारांच्या हप्त्याची जागा रिकामी होती. चौथ्या कार्डासाठी कंपनीचे 'सर' येऊन गेलेही होते. निम्मं ही मर्यादा कोणी कुठल्या घराचं भाडं बघून ठरवली, देव जाणे.

सुरुवात झाली एका खड्ड्यातून. हे मी अलंकारिक बोलत नाही. दीड वर्षापूर्वी पावसात रिक्षा खड्ड्यात गेली, नवऱ्याचा पाय मोडला. जवळच्या दवाखान्यात आधी 25,000 भरा म्हणाले. पहिलं कार्ड ते. दोन महिने रिक्षा बंद, म्हणून दुसरं. अकरा महिन्यांचा करार संपला, मालकाने डिपॉझिट वाढवलं, दलालाने आपला महिना घेतला, म्हणून तिसरं. आणि एकदा हप्ता चुकला तेव्हा कर्जाच्या गटातल्या बाकीच्या बायका सकाळी तिच्या दारात उभ्या राहिल्या, कारण एकीचा चुकला की तो सगळ्यांनी भरायचा. त्या दिवशी संध्याकाळी ती डेलीवाल्याकडे गेली.

मी विचारलं, रेशनकार्ड कुठलं तुमचं? गावचं, केशरी. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते कार्ड राज्यात कुठेही चालतं, योजनेतल्या रुग्णालयात कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात, तिथे आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, त्याला फक्त विचारायचं. धर्मादाय रुग्णालयांत दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवायच्या असतात, हेही उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार 2006 पासून चालू आहे. ती माझ्याकडे बघत राहिली. पाय मोडलेला नवरा रिक्षात आडवा असताना कोण यादी शोधत बसतं? ती यादी पाय मोडायच्या आधी माहीत असावी लागते, आणि आधी ती कोणी सांगत नाही. आम्ही चाळीच्या नळाशेजारी सत्यनारायणाचं पत्रक चिकटवतो, तिथे हेही चिकटवता आलं असतं. मला सुचलं नव्हतं, हे कबूल करते.

"मग तू आमच्या गटात का नाही आलीस?" मी विचारलं. ती म्हणाली, "काकू, एक गट पुरे झाला. अजून एक कशाला?"

इथेच सगळी गल्लत आहे. आमच्याकडे दोन्हीला 'गट'च म्हणतात. एक बचत गट. त्यात अकरा बायका महिन्याला दोनशे-दोनशे घालतात, त्यातूनच एकमेकींना कर्ज देतात, आणि जे व्याज येतं ते परत त्यांच्याच डब्यात पडतं. दुसरं ग्रुप लोन. त्यातही दहा-बारा बायका गोल बसतात, हजेरी होते, शपथही होते. पण पैसा कंपनीचा, व्याज कंपनीचं, बायकांचं फक्त एकच: एकमेकींवरची पाळत. दिसायला जुळ्या बहिणी. मी पतपेढीत होते म्हणून मला फरक कळतो, नाहीतर मीही फसले असते.

हा खेळ नवा नाही. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेले गिरणी कामगार ज्या बायकांच्या खानावळीत जेवत त्यांची स्थिती सात नंबरवालीसारखीच होती. कामगार पैसे देणार पगाराला, बाई महिनाभर वाण्याकडून उधारीवर धान्य आणणार, वाणी त्यावर व्याज लावणार, आणि संप झाला की पोरांना उपाशी कसं ठेवायचं म्हणून दागिने गहाण. प्रेमाताई पुरव, गोवा मुक्तीच्या लढ्यातून आणि मग कामगार चळवळीतून आलेल्या, त्यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. राष्ट्रीयीकृत बँकांत तेव्हा दुर्बलांसाठी चार टक्के व्याजाने कर्ज द्यायची योजना होती, पण खानावळवालीला बँकेच्या पायरीवर कोण उभं करणार? मंडळाने बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन केलं आणि बँक ऑफ बडोदाकडून पहिल्या चौदा बायकांना प्रत्येकी दीड हजार रुपये मिळवून दिले.

जामीन तिथेही एकमेकींचाच होता, हे लक्षात घ्या. फरक चार टक्के व्याजाचा होता, आणि मागे उभी असलेली बाई वसुलीवर पगार घेणारी नव्हती. पुढे 1982 चा संप आला, गिरण्या गेल्या, परळ-लालबागच्या खोल्या विकून कितीतरी घरं पश्चिम रेल्वेने वर वर सरकत नालासोपारा-विरारला आली. आमच्या चाळीतल्या दोन नंबरच्या आजी त्यातल्याच. खोली आली, नळ आला, अन्नपूर्णा मात्र मागेच राहिली.

वसईच्या पश्चिमेला हे दुःख नाही, असं मला नेहमी वाटतं. कदाचित दुरून डोंगर साजरे. तिथे 1918 साली कॅथलिक समाजाने एक पतसंस्था काढली, तीच आजची बसीन कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह बँक. त्यांना चर्च होतं, वाडी होती, सातबारा होता, तीन पिढ्यांची ओळख होती. आमच्या पूर्वेला ओळखीचं वय अकरा महिने, कराराएवढं.

आणि ज्यांना भाड्याचा कंटाळा येतो ते घर घेतात. बँक कर्ज नाकारते, दलाल म्हणतो काळजी नको, फायनान्स करून देतो. पतपेढीतल्या बाईचं ऐकाल तर त्या नकाराचे आभार माना. बँकेने 'नाही' म्हटलं म्हणजे बहुधा इमारतीच्या कागदात काहीतरी नाही. विजयनगरची रमाबाई अपार्टमेंट 2025 च्या ऑगस्टमध्ये रात्री कोसळली, सतरा माणसं गेली. ती बेकायदा होती हे ढिगारा उपसताना सगळ्यांना कळलं. त्यावर मला याहून जास्त बोलवत नाही.

तर सात नंबरवाली. संध्याकाळी मी गटाची बैठक बोलावली. डेलीचे बासष्ट दिवस उरले होते, म्हणजे 6,200. ते गटाने द्यावेत, महिना एक टक्का व्याजाने, तिने महिन्याला हजार परत करावेत, असं मी मांडलं. दोघी सरळ नाही म्हणाल्या. सहा महिने सभासद असल्याशिवाय कर्ज नाही हा आमचाच नियम, आणि तो बरोबर आहे. एकीने हिशेबही काढून दाखवला: डेलीवाला शंभर रुपयेही सोडणार नाही, वर आपलं व्याज सव्वादोनशे, म्हणजे हिचा तोटाच की! आकड्यात ती चुकली नव्हती. पण महिन्याला तीन हजारांऐवजी एक हजार जाणार होते. दोन हजार घरात राहणार होते, आणि ते राहिले तरच चौथं कार्ड निघणार नव्हतं. हे समजावताना माझा घसा बसला.

शेवटी दोन नंबरच्या आजी बोलल्या. इतका वेळ लसूण सोलत बसल्या होत्या. "पैसे द्या तिला. पण आधी नवऱ्याला तिसरं कार्ड सांगायचं. ते सांगून आली की घेऊन जा."

सात नंबरवाली उठून गेली. मला वाटलं, आता काही परत येत नाही. लाजेपुढे सहा हजार म्हणजे काहीच नाही, हे मी पतपेढीत पाहिलंय. थकबाकीची नोटीस घरी पाठवू नका म्हणून रडणारे कारकून पाहिलेत, हेडमास्तर पाहिलेत. साडेनऊला ती आली, मागे नवरा. तो कोणाकडे न बघता म्हणाला, "माझंपण एक आहे. रिक्षा स्टँडवर. चार हजार."

आजी हसल्या. बाकी कोणी हसलं नाही. मी वहीत पाचवी ओळ लिहिली.

त्यानंतर काय काय केलं त्याचं मोठं काही सांगण्यासारखं नाही. ग्रुप लोनवाल्यांचा माणूस रात्री आठला दारात यायचा, त्याला सांगितलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर वसुलीला यायचं नाही, आणि घरी तर बाई ठरलेल्या जागी लागोपाठ दोनदा आली नाही तरच. तो म्हणाला, काकू, मला वरून सांगतात. मी म्हटलं, वरच्यांनाच रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. उशीर झाला तर दंड फक्त थकलेल्या रकमेवर, सगळ्या कर्जावर नाही, हेही तिने आता पाठ केलंय. 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार येतात ते सगळ्यात लहान कार्डात जातात; ते मुदतीआधी मिटवायला दंड पडत नाही. प्रेमाताईंच्या चौदा बायकांना मिळाले तेवढेच रुपये, पन्नास वर्षांनी, आणि एका हप्त्यालाही पुरे पडत नाहीत.

डेलीवाला पोरगा शेवटचे पैसे घ्यायला आला तेव्हा मी मुद्दाम सात नंबरमध्ये बसले होते. 6,200 मोजले, डायरीत 'पूर्ण' लिहून सही घेतली. पोरगा बावीस-तेवीसचा, इथलाच, वरच्या पाड्यातला. पैसे खिशात घातले तरी जाईना. मग म्हणाला, "काकू, मोबाइलवरच्या लोनचं तुम्हाला कळतं का?"

त्याने एका ॲपवरून पाच हजार घेतले होते, हातात साडेतीन आले, सातव्या दिवशी पाच मागायला लागले आणि आता त्याच्या आत्याला फोन जातात. मी विचारलं, पैसे कुठल्या बँकेचे, कुठल्या कंपनीचे, नाव कुठे लिहिलंय? देणाऱ्याचं नाव आणि सगळा खर्च आधी सांगायलाच हवा, पैसे देणाऱ्याच्या खात्यातून थेट आपल्या खात्यात यायला हवेत, असा नियम 2022 पासून आहे. नाव कुठेच नव्हतं. रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर तक्रार कशी करायची ते सांगायला लागले, तर तो म्हणाला, हळू बोला, बाहेर ऐकू जाईल.

सात नंबरवालीने दार लोटून घेतलं आणि त्याला बसायला पाट दिला.