मार्गारिटाची आई कोण?

ट्रॉय म्हटलं की लाकडी घोडा आठवतो. आमचं ट्रॉय ते नव्हे. हे मिशिगनमधलं, डेट्रॉईटच्या उत्तरेचं, मोटारींच्या धंद्यावर जगणारं. पण फसवा घोडा इथेही शनिवारच्या पार्टीत येतो आणि आपण त्याला टाळ्या वाजवून घरात घेतो. त्याचा रंग भडक हिरवा असतो आणि त्याला मार्गारिटा म्हणतात.

जगमध्ये अर्धी बाटली तयार 'मिक्स', वर स्वस्तातली टकिला, भरपूर बर्फ. झालं! मग कुणीतरी जाणकार मंडळींना गोष्ट सांगतो. १९४८ साली मार्गारिटा सेम्स नावाच्या डॅलसच्या एका श्रीमंत बाईने अकापुल्कोच्या आपल्या बंगल्यावर पाहुण्यांसाठी हे पेय बनवलं म्हणे. दुसरा जाणकार म्हणतो, छे छे, १९३८ साली तिहुआनाजवळच्या आपल्या हॉटेलात कार्लोस हेरेराने मार्जरी किंग या नटीसाठी बनवलं. तिला टकिला सोडून दुसरी कुठलीच दारू सोसत नसे. दोन्ही गोष्टी रंगतदार आहेत. आणि दोन्ही उशिरा पोचल्या आहेत.

कारण १९३७ साली लंडनमध्ये छापलेल्या 'कॅफे रॉयल कॉकटेल बुक'मध्ये 'पिकाडोर' नावाचं पेय आहे : अर्धा भाग टकिला, पाव भाग क्वांत्रो हे संत्र्याचं फ्रेंच मद्य, पाव भाग लिंबाचा रस. म्हणजे मार्गारिटाच की! त्याच्याही आधी, १९३६ साली, आयोवातला जेम्स ग्रॅहम नावाचा एक संपादक तिहुआनात मॅडन नावाच्या आयरिश माणसाच्या बारमध्ये गेला होता. त्या बारची प्रसिद्धी 'टकिला डेझी'साठी होती. मॅडनने त्याला सरळ सांगितलं की चुकून भलतीच बाटली हाताला लागली आणि गिऱ्हाइकाला ते आवडलं. डेझी हा अमेरिकेतला जुना प्रकार : मद्य, लिंबू आणि काहीतरी गोड. १९२० ते १९३३ इथे दारूबंदी होती, तेव्हा तहानलेले लोक सीमा ओलांडून तिहुआनात जात. तिथे डेझीत टकिला पडली असेल, तर त्यात नवल ते काय? आणि डेझीच्या फुलाला स्पॅनिशमध्ये काय म्हणतात? मार्गारिटा!

तेव्हा आई शोधणं सोडा. या पेयातलं लिंबू मूळचं आशियातलं, संत्र्याचं मद्य फ्रान्सचं, टकिला मेक्सिकोची. विचारायचा प्रश्न वेगळाच आहे : हे पेय बिघडवलं कुणी?

काही लोक मारियानो मार्टिनेझवर खापर फोडतात. त्याने १९७१ साली डॅलसमध्ये आइस्क्रीमचं यंत्र वापरून गोठवलेली मार्गारिटा काढली. ते यंत्र आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे, आणि इंजिनियर म्हणून मला त्याचं कौतुकच वाटतं. दोष यंत्राचा नाही, त्यात काय ओतता त्याचा आहे. मिक्समध्ये मुख्यतः साखरेचा पाक, आम्ल आणि रंग. लिंबू बहुधा नावापुरतं.

आता टकिला. निळ्या अगेव्हपासून ती होते. अगेव्ह म्हणजे आपल्याकडे बांधावर लावतात त्या घायपाताचा भाऊबंद. घायपातही मूळ मेक्सिकोचाच. आपण त्याच्या पानांचे दोर वळले. तिकडे पानं छाटून मधला गड्डा भाजतात, रस काढून आंबवतात आणि गाळतात. झाड तयार व्हायला साधारण सहा-आठ वर्षं लागतात. म्हणूनच पळवाट निघाली : मेक्सिकोच्या कायद्याने किमान ५१ टक्के साखर अगेव्हची असली की बाटलीवर 'टकिला' लिहिता येतं, उरलेली उसाची किंवा मक्याची चालते. निव्वळ अगेव्हच्या बाटलीवर '१०० टक्के अगेव्ह' असं लिहिलेलं असतं. वाचायला किती वेळ लागतो? दोन सेकंद!

"अहो, पार्टी आहे, कोण एवढं बघतो?" असं मला नेहमी ऐकवतात. हेच लोक देवगडच्या पेटीत कर्नाटकचा आंबा निघाला तर घर डोक्यावर घेतात. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा यांनीच एकमेकांना पेढे दिल्यागत ईमेल पाठवले. मग मेक्सिकोतला शेतकरी सहा वर्षं झाड वाढवतो, त्याच्या नावाला मोल नाही?

आणि आपल्या फेणीचं काय? गोव्याच्या काजू फेणीला २००९ सालीच ते मानांकन मिळालं. काजू ब्राझीलचा, पोर्तुगीजांनी आणलेला. पण बोंडू तुडवून, रस आंबवून, भट्टीवर पुन्हा पुन्हा गाळून फेणी काढायची कला गोंयकारांची. फेणी पुढे केली की आमचे मराठी मित्र "वास मारते" म्हणून नाक मुरडतात आणि अर्ध्या उसाची टकिला चाटूनपुसून पितात. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर पिकल्यापासून आठ हजार मैलांवरही विकत नाही!

असो. करायचीच असेल तर नीट करा. ५० मिली '१०० टक्के अगेव्ह'ची पांढरी टकिला, २५ मिली संत्र्याचं चांगलं मद्य, २५ मिली ताजा लिंबाचा रस. इथे 'की लाईम' म्हणून जाळीच्या पिशवीत छोटी लिंबं मिळतात, ती आपल्या कागदी लिंबाच्याच जातीची. पिळायला कंटाळा येतो, पण पिळा. बर्फ घालून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा आणि गाळा. मीठ ग्लासच्या अर्ध्याच कडेला, बाहेरून लावा, म्हणजे ज्याला नको तो दुसऱ्या बाजूने पिईल. पुढच्या पेल्यात टकिलाऐवजी फेणी घालून बघा. तिला मार्गारिटा म्हणू नका. फेणीच म्हणा, आणि ती कुठून आली ते पाहुण्यांना सांगा.