बुरसटलेली ढेप तळ्यात नको

मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात कापूस आणि मका ही घरची पिके. त्यामुळे मासे पाळायला तळे करणाऱ्याला सरकीची ढेप आणि मक्याचा भरडा हेच हाताशी असलेले खाद्य. पावसाळ्यात पोत्यांना ओल लागली, ढेप बुरसटली, की ती जनावरापुढून उचलून तळ्यात टाकण्याचा मोह होतो. हा मोह महागात पडतो. 1960च्या सुमारास अमेरिकेतील मत्स्यकेंद्रांत ट्राउट माशांच्या यकृतात गाठी झाल्या. शोध घेत गेल्यावर दोष खाद्यातल्या सरकीच्या पेंडीपर्यंत पोचला. पेंडीत अॅस्परजिलस बुरशीने तयार केलेले अफ्लाटॉक्सिन होते. हजार टन खाद्यात या विषाचा एक ग्रॅमही ट्राउटला बाधतो.

कोणी म्हणेल, ट्राउट थंड पाण्यातला नाजूक मासा. आपले रोहू-कटला काटक आहेत. ते खरेच आहे. पण काटक मासा लगेच मरत नाही, एवढाच त्याचा अर्थ. विषारी खाद्य पोटात जात राहिले की यकृत बिघडते, रोगाशी झुंजण्याची ताकद घटते, वाढ खुंटते. मासे एकदम तरंगत नाहीत, म्हणून दोष पाण्यावर किंवा बीजावर जातो आणि तोटा थेट वजनकाट्यावर दिसतो. ढेप उन्हात वाळवली तर ओल जाते, आधी तयार झालेले विष पुरते जात नाही. भरडा शिजवूनही ते टिकते. वरची बुरशी खरवडली तरी आतले विष डोळ्यांना दिसत नाही. कारखान्याचे महागडे खाद्य परवडत नाही, ही अडचण खोटी नाही. पण येथे मागणी महाग खाद्याची नाही, कोरड्या खाद्याची आहे. मका नीट वाळवून भरावा, पोती फळ्यांवर आणि भिंतीपासून दूर ठेवावीत, पावसाळ्यात ढेप थोडी थोडीच आणावी. यासाठी शिस्त लागते, भांडवल फारसे लागत नाही.

हा धोका माशांपुरता नाही. 1974 साली राजस्थान-गुजरातच्या आदिवासी भागात बुरसटलेला मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. विष तेच होते. तीच ढेप गाईला घातली तर विषाचा अंश दुधात उतरतो, तेव्हा ती गोठ्यातही नको. ही काळजी एकट्या तळेवाल्यावर सोडून चालणार नाही. ऑक्टोबर 2023मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. या नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाने मत्स्यबीज देतानाच खाद्य साठवण्याचे प्रशिक्षण द्यावे आणि पेंड-मक्याच्या तपासणीची सोय जवळ करावी. तोवर तळेवाल्यांनी एक नियम पाळावा: जे खाद्य बुरसटले, ते कोणाच्याच पोटात जाऊ द्यायचे नाही.